वर्गघन म्हणजे पाच की सहा?

रविवारची मराठी शाळा सुटली की हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी सातवीतली एक मुलगी मागे थांबली. बॅगेतून गणिताच्या टेस्टचा कागद काढला आणि म्हणाली, "मावशी, हे बघ ना. दोन्ही गणितं मी सेम केली. एकाला टिक, एकाला क्रॉस."

गणितं अवयव पाडायची होती. पहिलं क्ष⁴ + क्ष². तिने क्ष² सामाईक काढून क्ष²(क्ष² + १) लिहिलं होतं. बरोबर. दुसरं क्ष⁶ + क्ष². तिथेही तिने क्ष² बाहेर काढला आणि लिहिलं, क्ष²(क्ष³ + १). चूक. शेजारी लाल पेनने शेरा होता: सिली मिस्टेक.

(इथे 'क्ष' म्हणजे तुमचा एक्स. आमच्या आईवडिलांच्या पुस्तकांत तो असाच असायचा, आणि मला तो आवडतो.)

मी विचारलं, "दुसऱ्यात तीन कसे आले?" तर ती म्हणाली, "फोर अपॉन टू, टू. सिक्स अपॉन टू, थ्री." थोडं थांबून पुढे म्हणाली, "आय अ‍ॅम जस्ट नॉट अ मॅथ्स पर्सन."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं, कारण तिची चूक बिनडोक नव्हती. तिने एक नियम शोधला होता, तो एका उदाहरणावर तपासला होता, आणि उत्तर बरोबर आलं होतं. आता हा नियम नेमक्या त्याच उदाहरणात बरोबर येतो याला ती काय करणार? चारातून दोन वजा केले तरी दोन, चाराला दोनाने भागलं तरी दोन. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोन चार. बेरीज आणि गुणाकार यांचं उत्तर असं एकच यावं, ही मजा 'दोन आणि दोन' या जोडीत आहे, आणि बीजगणित शिकताना पहिलं मोठं उदाहरण हमखास तेच समोर येतं.

खुर्च्या तशाच राहिल्या. घरी आल्यावर मी पुस्तकं काढली. तिचा प्रश्न जुना आहे असं आठवत होतं, पण तो इतका जुना आहे आणि इतक्या गावांतून फिरून आलाय, हे विसरले होते.

प्रश्न असा: क्ष चा वर्ग आहे, क्ष चा घन आहे. दोन नावं हातात आहेत. आता पुढच्या घातांना काय म्हणायचं? चौथ्याला सगळे म्हणतात वर्गवर्ग. मग 'वर्गघन' म्हणजे कितवा? वर्ग आणि घन एकमेकांना गुणले, तर दोन अधिक तीन, पाचवा. वर्गाचा घन केला, तर दोन गुणिले तीन, सहावा. चौथ्यापर्यंत भांडण नाही. त्यानंतर मात्र दोन घराणी पडतात.

पहिलं घराणं बेरजेचं. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसचा काळ साधारण तिसरं शतक मानतात. त्याच्या 'अरिथमेटिका'त वर्गाला ड्युनामिस आणि घनाला क्युबोस म्हटलंय. पाचवा घात ड्युनामोक्युबोस, सहावा क्युबोक्युबोस. म्हणजे नावं शेजारी ठेवायची आणि घातांकांची बेरीज करायची. पुढे बगदादमध्ये अरबी लिहिणाऱ्या गणितज्ञांनी हीच रीत धरली. त्यांचे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. अज्ञात संख्येला ते म्हणत 'शय', म्हणजे वस्तू. तिच्या वर्गाला 'माल'. हो, तोच माल. दुकानात भरलेला माल, मालमत्तेतला माल. अरबीत त्याचा अर्थ धन, संपत्ती, आणि मराठीत तो फारसीच्या वाटेने आला. घनाला 'कअब'. मग मालमाल चौथा, मालकअब पाचवा, कअबकअब सहावा, मालमालकअब सातवा.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये अल-करजीने हे घात एकापुढे एक लावून त्यांच्या गुणाकार-भागाकाराचे नियम दिले. बाराव्या शतकात अस-समवअल त्याच्याही पुढे गेला. एका ज्यू घरात वाढलेल्या या मुलाने 'अल-बाहिर' हे पुस्तक लिहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने एक तक्ता मांडला. मधोमध एकक. एका बाजूला शय, माल, कअब, मालमाल असे चढते घात. दुसऱ्या बाजूला त्यांचेच व्यस्त, म्हणजे शयचा भाग, मालचा भाग, कअबचा भाग. गुणायचं असेल तर एकीकडे घरं मोजत सरकायचं, भागायचं असेल तर उलटीकडे. सापशिडीच्या पटावर सोंगटी हलवतात तसं. क्ष⁶ भागिले क्ष² म्हणजे सहाव्या घरावर उभं राहून दोन घरं मागे या. चौथ्या घरावर पोहोचाल. इथे तिसऱ्या घराचा संबंध कुठून येणार? मला त्या मुलीला शिकवण्यासाठी यापेक्षा सोपी गोष्ट सापडलेली नाही.

दुसरं घराणं गुणाकाराचं, आणि ते आपल्याकडचं. संस्कृत बीजगणितात वर्गवर्ग चौथा, पण वर्गघन किंवा घनवर्ग सहावा, आणि घनघन नववा. म्हणजे 'घनघन' बगदादच्या हिशेबाने सहा आणि आपल्या हिशेबाने नऊ. नाव तेच, पण मधला फरक क्ष³ एवढा.

गुणाकाराच्या रीतीत एक अडचण आहे. पाचवा घात कसा म्हणायचा? पाच ही मूळ संख्या. वर्गाचा वर्ग, वर्गाचा घन, घनाचा घन, काहीही केलं तरी पाच येत नाही. सात, अकरा, तेरा यांचंही तेच. यावर तोड म्हणून एक शब्द जोडला गेला: घात. 'वर्गघनघात' म्हणजे वर्ग आणि घन यांचा घात, म्हणजे गुणाकार. पाचवा. 'वर्गवर्गघनघात' सातवा. त्या शेवटच्या शब्दावरून कळायचं की आता एकात एक नाही, एकाला एक. आणि ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधल्या आपल्या ग्रंथात तर सरळच मार्ग काढला होता: पंचगत, षड्गत. पाचपर्यंत गेलेलं, सहापर्यंत गेलेलं. हिशेब संपला. एवढी सुटसुटीत नावं हाताशी असताना नंतरच्या लोकांनी वर्गवर्गघनघात का लिहीत बसावं, हे मला आजही पटत नाही. परंपरेत चांगली गोष्ट आली म्हणजे ती टिकतेच असं नाही, एवढंच.

'घात' या शब्दापाशी थोडं थांबते, कारण आपल्यापैकी जे मराठी माध्यमात शिकलेत त्यांनी तो हजारदा म्हटलाय. दोनाचा तिसरा घात, घातांक, घातांकांचे नियम. शाळेत असताना आम्ही त्यावर विनोद करायचो की गणितात घात होतो म्हणून नाव घात. विनोद अगदीच चुकीचा नव्हता. संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असे शब्द आहेत, सगळे मारण्याचे. घात म्हणजे मुळात गुणाकार, कुठल्याही दोन राशींचा. आज मराठीत तो एकाच संख्येला स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणण्यापुरता उरला आहे. वर्गघनघात या नावातला शेवटचा तुकडाच सगळ्या प्रकाराचं नाव होऊन बसला.

हे बीजगणित कागदावर कसं दिसायचं? भास्कराचार्यांचं 'बीजगणित' ११५० च्या सुमाराचं. अज्ञात राशीला त्यांच्याकडे नाव आहे 'यावत्तावत्', म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात राशी आली तर कालक, तिसरी नीलक, मग पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. वर्गासाठी 'व', घनासाठी 'घ', आणि सुट्या आकड्यांसाठी 'रू', म्हणजे रूप. त्यांनी एक कोडं घातलंय. अशी संख्या सांगा की तिला बाराने गुणून त्यात तिचा घन मिळवला, तर तिच्या वर्गाची सहापट अधिक पस्तीस एवढी होते. मांडणी अशी:

या घ १ या व ० या १२ रू ०
या घ ० या व ६ या ० रू ३५

वरची ओळ एक बाजू, खालची ओळ दुसरी. मध्ये बरोबरचं चिन्ह नाही, ओळीखाली ओळ हीच बरोबरी. जो घात नाही त्याच्या जागी शून्य ठेवलंय. म्हणजे प्रत्येक घाताला आपापला रकाना. आता युक्ती बघा. दोन्ही बाजूंतून सहा वर्ग आणि आठ वजा केले, की एका बाजूला उरतं क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८, दुसऱ्या बाजूला २७. डावीकडचं सगळं म्हणजे (क्ष − २) चा घन. सत्तावीस म्हणजे तिनाचा घन. म्हणून क्ष − २ = ३, आणि क्ष = ५. पडताळा घ्या: पाचाचा घन १२५, अधिक साठ, १८५. इकडे सहा गुणिले पंचवीस १५०, अधिक ३५, १८५.

अशा समीकरणांना ठरावीक रीत नाही, तिथे आपली बुद्धी चालवावी लागते, असंच भास्कराचार्यांचं म्हणणं आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. 'आमच्याकडे सगळं होतं' असं सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असतील. आज आपण घात जसे लिहितो, अक्षराच्या डोक्यावर आकडा, तशी पद्धत भास्कराचार्यांनी काढलेली नाही. 'या व व' लिहिलेलं बघून क्ष⁴ कळतं, पण त्यावर बेरीज-वजाबाकी करता येत नाही, कारण तिथे आकडाच नाही. आहे ते नाव आहे. जे होतं ते वेगळं होतं आणि कमी दर्जाचं नव्हतं: रकाने, शून्य, ऋण संख्या, अनेक अज्ञात राशी एकाच वेळी हाताळण्याची सवय. डायोफँटसकडे एका वेळी एकाच अज्ञाताला चिन्ह होतं.

आपल्या मुलखाशी या पुस्तकाचा दुवा दोन ठिकाणी लागतो. एक चाळीसगावजवळचं पाटण. तिथल्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला जमीन-उत्पन्न मिळालं, याची ती नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांचा तपशील आला की भाषा मराठी होते. कुणी किती द्यायचं हे सगळ्यांना कळायला हवं ना! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

दुसरा दुवा औरंगाबादचा, आणि तो मला फार उशिरा कळला. शहाजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर झालं. करणारा अताउल्ला, ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. पुढे औरंगाबादला बीबी का मकबरा उभा राहिला तो याच अताउल्लाच्या हाताखाली. मी लहानपणी सहलीला गेले होते तिथे, डबा खाल्ला, फोटो काढला. या इमारतीच्या कारागिराने या-व, या-घ फारसीत उतरवले होते हे कुणी सांगितलं असतं तर डबा खाताना मान तरी वर केली असती. त्याच्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रेची याने इंग्रजी केलं, १८१३ मध्ये. चार वर्षांनी, १८१७ मध्ये, कोलब्रुकने थेट संस्कृतातून केलेलं भाषांतर लंडनला छापलं गेलं.

आता इंग्लंडकडे, म्हणजे खरं तर वेल्सकडे. तुमच्यापैकी जे कार्डिफ-स्वॉन्झीला आहात, त्यांनी सुट्टीत टेन्बीला जाऊन यावं. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये रॉबर्ट रेकॉर्डचं स्मारक आहे. हा टेन्बीचाच. १५५७ साली त्याचं 'द व्हेटस्टोन ऑफ विट' आलं, बुद्धीला धार लावायचा दगड. आपण वापरतो ते बरोबरचं चिन्ह, दोन समांतर रेघा, याच पुस्तकात पहिल्यांदा छापलं गेलं. पण मला त्यातली घातांची नावं जास्त आवडतात. अरबी 'माल'चं लॅटिन भाषांतर झालं सेन्सस, त्याचं इटालियन चेन्सो, ते जर्मनीत पोहोचलं तेव्हा झालं झेन्झ. त्यावरून रेकॉर्डचा वर्ग 'झेन्झिक'. चौथा घात झेन्झिझेन्झिक. आणि आठवा घात झेन्झिझेन्झिझेन्झिक. मोठ्याने म्हणून बघा. वर्गाच्या वर्गाचा वर्ग, दोन गुणिले दोन गुणिले दोन.

म्हणजे रेकॉर्ड गुणाकाराच्या घराण्यातला. झेन्झिक्यूब त्याच्याकडे सहावा, आपल्या वर्गघनासारखा. इटलीत लुका पाचोलीनेही १४९४ मध्ये हीच रीत वापरली होती. दोन ठिकाणी एकच युक्ती दिसली म्हणून एकाने दुसऱ्याची उचलली असं मी म्हणणार नाही. तीच अडचण आली की माणसाला तीच तोड सुचू शकते. आणि अडचण तीच आली: मूळ संख्या. पाचव्याला पाचोली म्हणतो 'पहिला रेलातो', सातव्याला 'दुसरा रेलातो'. रेकॉर्ड पाचव्याला म्हणतो सरसॉलिड, सातव्याला दुसरा सरसॉलिड, अकराव्याला तिसरा, तेराव्याला चौथा. पाच, सात, अकरा, तेरा. अवयव पडत नाहीत अशा प्रत्येक घातांकाला नवं नाव शोधावं लागतं. गुणाकाराच्या घराण्यात घाताचं नाव घेणं म्हणजे त्या घातांकाचेच अवयव पाडणं. घात मोठा असेल तर आधी हे गणित करा, मग नाव उच्चारा. रेकॉर्डचा शेवट वाईट झाला. पेम्ब्रोकच्या अर्लशी वैर, बदनामीचा खटला, हजार पौंडांचा दंड, आणि १५५८ साली लंडनमध्ये साऊथवर्कच्या तुरुंगात मृत्यू. पुस्तक छापून वर्षही नीट झालं नव्हतं.

आकडे वापरावेत हे त्याच्या आधीही काहींना सुचलं होतं. फ्रान्समध्ये निकोला शुकेने १४८४ च्या हस्तलिखितात संख्येच्या डोक्यावर छोटा आकडा देऊन घात दाखवला. शून्य आणि ऋण घातसुद्धा. पण ते छापलं गेलं १८८० मध्ये. चारशे वर्षं कपाटात. जर्मनीत मिखाएल श्टिफेलने १५४४ मध्ये वर −३, −२, −१, ०, १, २, ३ आणि खाली १/८, १/४, १/२, १, २, ४, ८ अशा दोन ओळी मांडल्या आणि म्हटलं, वर बेरीज करा, खाली गुणाकार होतो. वर वजाबाकी, खाली भागाकार. 'एक्स्पोनंट' हा शब्दही त्याचाच. याच श्टिफेलने बायबलमधल्या अक्षरांचे आकडे करून ऑक्टोबर १५३३ मध्ये जग बुडणार असं भाकीत केलं होतं, वेळसुद्धा सांगितली होती, सकाळी आठ. आठ वाजले आणि काही झालं नाही. माणूस घातांकात बरोबर असेल म्हणून इतर सगळ्यात बरोबर असतो असं नाही.

हीथ्रोला उतरताना विमान ज्या भागावरून जातं तिथे, आइलवर्थला, सायन हाऊस आहे. हाउन्स्लोला राहणाऱ्यांना बसने जाता येईल. तिथे टॉमस हॅरियट राहायचा. जुलै १६०९ मध्ये त्याने तिथूनच दुर्बिणीतून चंद्र बघून चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. बीजगणितात त्याने सगळी नावंच टाकून दिली. वर्ग नाही, घन नाही, झेन्झिक नाही. तिसरा घात म्हणजे अअअ. पाचवा म्हणजे अअअअअ. बास. हे बाळबोध वाटतं, पण माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोकळा क्षण हाच आहे. अअअअअअ मधून अअ बाजूला काढलं तर उरतं अअअअ. मोजा. पाच की सहा हा वादच संपतो, कारण लपायला नावच उरलेलं नाही. हॅरियट हयात असताना यातलं काही छापलं गेलं नाही. तो १६२१ मध्ये वारला, पुस्तक आलं १६३१ ला.

मग १६३७ मध्ये देकार्तची 'ला जॉमेत्री', आणि तिच्यात a च्या डोक्यावर ३. म्हणजे, आपल्या लिपीत, अ³. वर्षभर आधी पॅरिसमध्येच जेम्स ह्यूम नावाच्या स्कॉट माणसाने रोमन आकडे असेच वर चढवून लिहिले होते, पण चाल पडली ती देकार्तची. गंमत म्हणजे वर्ग मात्र तो बहुधा अअ असाच लिहायचा. लिहायला तेवढीच जागा लागते, मग बदलायचं कशाला? दीडशे वर्षांनंतर गाउससुद्धा तसंच लिहीत होता.

देकार्तने आणखी एक काम केलं, ते चिन्हाहून मोठं. तोपर्यंत वर्ग म्हटलं की चौरस डोळ्यांपुढे यायचा आणि घन म्हटलं की ठोकळा. मग चौथा घात म्हणजे काय? त्याचं चित्र कसं काढणार? उमर खय्याम, तोच, रुबायांचा, अकराव्या शतकात म्हणून गेला होता की भूमितीत मालमालला खरा अर्थच नाही, ते नुसतं बोलण्यापुरतं आहे. देकार्तने एक रेघ एकक म्हणून धरली आणि समरूप त्रिकोण वापरून दाखवलं की दोन रेघांचा गुणाकारही एक रेघच असते. क्षेत्रफळ नाही, रेघ. मग क्ष⁵ ही पण रेघ, क्ष⁶ पण. वर्ग आणि घन ही नावं राहिली, चौरस आणि ठोकळा गेले. त्यानंतर घातांक हा नुसता मोजलेला आकडा झाला, आणि मोजलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं नाही. एवढं ऐकून घ्यायला ती कशाला थांबेल? फळ्यावर अअअअअअ लिहिलं, खडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, दोन बाहेर काढ. तिने दोन अक्षरांभोवती गोल केला, उरलेली मोजली. "फोर." मग स्वतःच खाली अअअअ लिहून तसंच केलं. "टू. ओह." मग जरा रागाने, "दॅट्स सो अनफेअर, मावशी. पहिलं गणित फोरचं द्यायचंच नाही ना!"

मी तिला वर्गघनाचं कोडं घातलं. पाच की सहा? ती म्हणाली, कंसावर डिपेंड करतं. (क्ष²)³ असेल तर सहा, क्ष² गुणिले क्ष³ असेल तर पाच. कित्येक शतकांची दोन घराणी तिने कंस घालून एका वाक्यात निकालात काढली.

जाता जाता तिने आणखी एक गणित दाखवलं, होमवर्कमधलं. क्ष² = ५क्ष. दोन्हीकडचा एकेक क्ष तिने खोडला होता आणि उत्तर लिहिलं होतं, क्ष = ५. मला हसू आलं, कारण नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीच्या पुस्तकातल्या पहिल्याच प्रकारातलं हे पहिलं उदाहरण आहे, 'माल पाच मुळांएवढा', आणि त्याचंही उत्तर एवढंच आहे, पाच. शून्य हे उत्तर त्याने धरलेलंच नाही. माल शून्य असेल तर तो माल कसला, असं त्याला वाटलं असेल कदाचित. सगळं एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला नुसतं शून्य ठेवायचं, आणि डाव्या बाजूचे अवयव पाडायचे, ही सवय लागली हॅरियट आणि देकार्तनंतर. देकार्त उलटं करून दाखवतो: (क्ष − २), (क्ष − ३), (क्ष − ४) आणि (क्ष + ५) यांचा गुणाकार करून क्ष⁴ − ४क्ष³ − १९क्ष² + १०६क्ष − १२० = ० हे समीकरण तयार करतो, म्हणजे उत्तरं आधी आणि समीकरण नंतर.

मी म्हटलं, खोडू नकोस, बाहेर काढ. तिने क्ष(क्ष − ५) = ० लिहिलं. त्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग आधीच्या उत्तराखाली, जरा बारीक अक्षरात, लिहिलं: किंवा क्ष = ०.